निधी थांबवण्याआधी आमच्याशी बोला : कंपन्यांच्या संचालक मंडळांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
तसेच सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) समितीचे सर्व सदस्य

विषय : दिव्यांग मुलांच्या उपचार केंद्राचा निधी पूर्वसूचनेशिवाय थांबवल्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

गेले आर्थिक वर्ष संपायला अवघे काही दिवस उरले असताना आपल्या कंपनीने आमच्या भागातील दिव्यांग मुलांच्या उपचार केंद्राचा निधी थांबवला. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला आलेल्या ई-मेलमध्ये एवढेच म्हटले होते, की कंपनीच्या सामाजिक कामाच्या प्राधान्यक्षेत्रांची फेररचना झाली आहे, त्यामुळे पुढील वर्षासाठी केंद्राचा प्रस्ताव विचारात घेता येणार नाही, आणि आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. पालकांना कोणी काही कळवले नाही. कळवायचे कोणी, हेही बहुधा ठरलेले नव्हते. एप्रिल उजाडला तेव्हा मुलांना कडेवर आणि व्हीलचेअरवर घेऊन आलेल्या आयांना केंद्राच्या दाराला कुलूप दिसले, आणि कुलपाची कारणे त्यांना शेजारच्या दुकानदाराकडून समजली.

कंपनीचे नाव या पत्रात लिहिलेले नाही. ते आपल्याला ठाऊक आहे; पालकांच्या सह्यांचे निवेदन आपल्या कार्यालयात दिलेले आहे, त्याची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही. नाव लिहिले असते तर इतर कंपन्यांच्या संचालकांनी हे दुसऱ्या कोणाचे तरी प्रकरण म्हणून बाजूला ठेवले असते. पण या काही महिन्यांत इतर स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांशी बोलताना असे कळले, की फिरता दवाखाना, अभ्यासिका, शिवणवर्ग अशी किती तरी कामे याच पद्धतीने, याच महिन्यात आणि जवळजवळ याच शब्दांत बंद झालेली आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला आहे आणि सीएसआरचा निधी वाटणाऱ्या प्रत्येक संचालक मंडळालाही आहे.

मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो या केंद्रात नियमित जात होता. आपल्या वार्षिक अहवालात ज्यांना ‘लाभार्थी’ म्हटले आहे, त्यांच्यापैकी तो एक. आपला करार संस्थेशी होता. त्यावर माझी किंवा कोणत्याही पालकाची सही नव्हती, त्यामुळे करार संपल्याबद्दल आम्ही आपल्याला कायदेशीरपणे काही विचारू शकत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही विचारण्याचा आमचा हक्क आहे असे मी का मानते, ते पुढे सांगते.

आधी हे स्पष्ट व्हायला हवे, की या केंद्रात नेमके काय थांबले. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम. मेंदूतील ती इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढत असते. हाडे लांब होतात, ताठर झालेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम, स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा साचेबंद आधार) व आधाराने उभे राहण्याचा सराव यांत खंड पडला की सांधे आखडू लागतात. म्हणजे उपचार थांबले की मूल जिथे होते तिथेच राहते असे नाही, ते मागे जाते. माझ्या मुलाच्या डाव्या पायाची स्प्लिंट केंद्रातच प्लास्टरचा साचा घेऊन बनवली होती. आता त्याची टाच तिच्या तळाला टेकत नाही. पट्टा घट्ट आवळला तर टाच वर सरकते आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लाल वळ उठतो, तो रात्रीपर्यंत जात नाही. पट्टा सैल सोडला तर स्प्लिंट घातली काय आणि न घातली काय, सारखेच. नवा साचा घ्यायला जिल्ह्याच्या गावी जावे लागते. तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सुरू झालेले शासनाचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे, तिथली माणसेही चांगली आहेत. पण आठवड्यातून तीन वेळा मुलाला उचलून बसमध्ये चढवणे आणि त्यासाठी प्रत्येक वेळी मजुरी बुडवणे केंद्रातल्या बहुतेक आयांना शक्य नाही. आपले केंद्र जवळ होते, हेच त्याचे सर्वांत मोठे मोल होते. ही गोष्ट आपल्या अहवालात कुठे आलेली मला दिसली नाही.

आता कायद्याविषयी. मी वकील नाही, पण कलमे आणि ताळेबंद वाचण्याची सवय आहे. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी सामाजिक कामांवर खर्च केली पाहिजे, असे ते सांगते. अशा कामांची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, आणि तिच्यात विशेष शिक्षणाचा व दिव्यांगांचा उल्लेख स्पष्ट आहे. पहिली काही वर्षे खर्च झाला नाही तर संचालकांच्या अहवालात कारण नमूद करून सुटता येत असे. २२ जानेवारी २०२१ पासून ती सवलत राहिली नाही. खर्च न झालेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते, तशी नसेल तर सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतील एखाद्या निधीत भरावी लागते, आणि यात कसूर झाली तर त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड कंपनीला होतो.

हे सारे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. तरी ते येथे मांडले, कारण हे पत्र वाचणाऱ्या पुष्कळांना ते माहीत नसते. केंद्राच्या उद्घाटनाला व्यासपीठावरून झालेल्या भाषणांत हा निधी कंपनीच्या औदार्याची गोष्ट म्हणून सांगितला गेला आणि आम्ही पालकांनीही हात जोडले. त्या कृतज्ञतेत खोटे काही नव्हते. पण ज्या पैशाला कायद्याने दिशा दिली आहे, कालमर्यादा दिली आहे आणि दंडही लावला आहे, तो पैसा कोणाच्या मर्जीने आला आणि मर्जीने गेला, असे म्हणून विषय मिटत नाही. ज्यांच्यासाठी तो खर्च करायचा, त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क तिथूनच मिळतो.

माझी पहिली आणि मुख्य तक्रार निधी थांबवला याबद्दल नाही. तो कसा थांबवला याबद्दल आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार सीएसआर समितीला दरवर्षी कृती आराखडा करावा लागतो. त्यात प्रकल्पांची यादी, ते राबवण्याची रीत, निधीच्या विनियोगाचे टप्पे व वेळापत्रक, देखरेखीची व्यवस्था, आणि गरजेचे व परिणामांचे मूल्यमापन करायचे असल्यास त्याचा तपशील असावा लागतो. काम सुरू कसे करायचे आणि चालवायचे कसे, हे सगळे त्यात आहे. काम थांबवताना काय करायचे, याविषयी अवाक्षर नाही. वर्षाच्या मध्ये आराखडा बदलायचा असेल तर समितीला वाजवी समर्थन द्यावे लागते. ३१ मार्च उलटू दिला की तेही द्यावे लागत नाही. नियमातल्या या फटीतून चालू काम अलगद बाहेर टाकता येते, आणि आमच्या बाबतीत नेमके तेच झाले. केंद्र बंद करण्यापूर्वी आपल्यापैकी कोणीही तिथे आले नव्हते. किती मुलांचे उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत, कोणाच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम चालू आहेत, कोणाची स्प्लिंट साच्यात अर्धवट आहे, हे कोणी विचारले नाही. कारखान्यातले एखादे यंत्र बंद करायचे असते तेव्हा आपण त्याची कार्यपद्धती लेखी ठेवता, जबाबदार माणूस नेमता, वेळ ठरवता. मुलांच्या उपचारांना तेवढी शिस्तही लाभली नाही.

यावर मला एका अधिकाऱ्याने सौम्यपणे सांगितले, की सीएसआरचा हिशेब वर्षाचा असतो, त्याला कंपनीचा इलाज नाही. हे खरे नाही. नियमांत ‘चालू प्रकल्प’ ही संकल्पना त्याचसाठी आहे : प्रकल्प ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून पुढील तीन आर्थिक वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि त्यासाठीचा न खर्चलेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून पुढे वापरता येतो. आपण मात्र केंद्राला दरवर्षी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी आणि नवा करार असेच चालवले. मंजुरी येईपर्यंत पावसाळा सरायचा, पैसा दिवाळीच्या पुढे-मागे यायचा आणि तो मार्चअखेरपर्यंत खर्ची पडलाच पाहिजे, अशी घाई मागोमाग यायची. हिशेबाच्या कामामुळे मार्चअखेरची धावपळ मला चांगली परिचयाची आहे. पण मुलाच्या सांध्यांना आर्थिक वर्ष नसते, आणि एप्रिल ते सप्टेंबर हे महिने संस्थेने उधारीवर कसे काढले, हे तिच्या वहीत पाहण्यासारखे आहे.

दुसरी तक्रार साहित्याची. केंद्राच्या मागच्या खोलीत पॅरलल बार आहेत, मुलांना उभे ठेवण्याच्या दोन लाकडी चौकटी आहेत, खास खुर्च्या आहेत, व्यायामाचे मोठे चेंडू आहेत. प्रत्येक वस्तूवर आपल्या कंपनीचे चिन्ह चिकटवलेले आहे. निधी थांबल्यानंतर आपल्या प्रतिनिधींनी येऊन त्यांची यादी केली आणि ‘पुढील निर्णय होईपर्यंत’ खोलीला कुलूप लावले. निर्णय अद्याप झालेला नाही. मी नम्रपणे निदर्शनास आणते, की सीएसआर निधीतून घेतलेली भांडवली मालमत्ता कंपनीने स्वतःकडे ठेवायची नसते. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असली पाहिजे, असे २०२१ पासून नियमच सांगतात. मग हे कुलूप कोणत्या अधिकाराने लागले? उपचार देणारी माणसे नसली तरी ती चौकट एखाद्या घरी असती तर आई मुलाला रोज काही वेळ उभे करू शकली असती. पैसे थांबवण्यामागे काही आर्थिक विचार असेल असे मी समजू शकते. कुलूप लावण्यामागचा विचार मला अजून समजलेला नाही.

तिसरी तक्रार छायाचित्रांची आहे आणि ती लिहिताना मला सर्वांत जड जाते. प्रवेशाच्या वेळी इतर कागदांबरोबर एका संमतीपत्रावर आमच्या सह्या घेतल्या गेल्या. मुलाला उपचार मिळणार असताना कोणती आई त्या कागदावर सही नाकारील? पुढे माझ्या मुलाचे चौकटीत उभे असलेले, हसणारे छायाचित्र आपल्या अहवालात आले, मग दिनदर्शिकेत आले, आणि हे पत्र लिहीत असताना ते आपल्या संकेतस्थळावर ‘बदल घडतो आहे’ अशा मथळ्याखाली आहे. केंद्र बंद झाले, छायाचित्र चालू आहे. ज्या चौकटीत तो उभा दिसतो, ती त्या कुलूपबंद खोलीत आहे. उत्पादनांची जाहिरात व्हावी म्हणून केलेले प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरता येत नाही, असे नियम सांगतात, आणि एखाद्या दिवसाचे मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती यांवरचा खर्च यात बसत नाही, हे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. काम संपल्यावरही त्या कामाचे चेहरे वापरत राहणे कशात बसते, हे कोणी स्पष्ट केलेले नाही. पण ते योग्य नाही हे कळायला परिपत्रकाची गरज नसावी.

चौथी तक्रार पगारांची. केंद्रातील फिजिओथेरपिस्ट वारंवार बदलत राहिल्या, कारण त्यांचा पगार बाहेरच्या मानाने फार कमी होता, आणि तो वाढवायला संस्था धजावत नव्हती, कारण ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत हवा’ असे आपल्याकडून तिला सतत सांगितले जाई. ही मर्यादा आहे, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर करायच्या खर्चाला आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च व्याख्येतूनच वगळलेला आहे. मुलाचा पाय हातात घेऊन व्यायाम करून घेणारी व्यक्ती हा प्रशासकीय खर्च कसा ठरतो? उपचार केंद्रात ती व्यक्ती हेच तर केंद्र असते. भिंती, फलक आणि रंग नंतर येतात. भिंती आणि फलकांसाठी मात्र कधी हात आखडता घेतला गेला नाही. आपल्या कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवा दिवशी केंद्राची तीच भिंत पुन्हा रंगवली गेली, तेव्हा आधीच्या वर्षी रंगवलेली फुलपाखरे अजून पुसटही झालेली नव्हती. आलेले तरुण मनापासून काम करत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आकड्यांबद्दल थोडेच लिहिते. अहवालातील लाभार्थींची संख्या पाहून आम्ही पालक चकित झालो. मुलाची प्रत्येक भेट स्वतंत्र धरली तरच ती संख्या जुळते. पतसंस्थेत एका खातेदाराला त्याने जितक्या वेळा पैसे भरले तितके खातेदार म्हणून दाखवले, तर लेखापरीक्षक मला उभे करतील. आपल्याला कोणी विचारत नाही, कारण परिणामांचे मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घेणे फक्त अशाच कंपन्यांना बंधनकारक आहे, ज्यांचे तीन वर्षांचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, आणि तेही १ कोटी रुपये किंवा अधिक खर्चाच्या, पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या प्रकल्पांपुरते. आमच्यासारखे छोटे केंद्र त्या चाळणीतून खाली पडते.

राहिला प्रश्न स्थानिक भागाचा. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला खर्चात प्राधान्य द्यावे, हे कलम १३५ मध्येच लिहिले आहे. ते बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असा खुलासा मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये केला, आणि तेव्हापासून हा खुलासा कायद्यापेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळतो. कारखान्याचे ट्रक ज्या रस्त्याने जातात तो आमचा आहे, पाणी ज्या धरणातून येते ते आमचे आहे, तीन पाळ्यांत कंत्राटावर काम करणारे हात आमच्या घरांतले आहेत. केंद्रात येणाऱ्या मुलांपैकी काहींचे वडील आपल्याच कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. त्यांना आपल्या वैद्यकीय योजनांचा लाभ नाही, आणि आता हा आधारही नाही. नवीन प्राधान्यक्षेत्र म्हणून जे काम दूरच्या शहरात सुरू होत आहे ते चांगलेच असेल. पण एका ठिकाणचे चांगले काम उभे करण्यासाठी दुसऱ्या ठिकाणचे अर्ध्यावर सोडणे, याला प्राधान्य ठरवणे म्हणत नाहीत.

आपल्या बाजूने काय म्हटले जाईल याचाही मी विचार केला आहे. कोणत्याही कंपनीने एका केंद्राला जन्मभर पोसावे, अशी अपेक्षा नाही. संचालकांना निर्णय बदलण्याचा अधिकार असला पाहिजे. निधी मागणाऱ्या सगळ्याच संस्था धुतल्या तांदळासारख्या नसतात, हेही आम्ही जाणतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थांना नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला ते योग्यच झाले. आपल्या सीएसआर विभागातल्या ज्या तरुण अधिकारी केंद्रात येत असत, त्या मुलांना नावाने ओळखत होत्या आणि निर्णयानंतर त्यांनी आम्हाला फोन करून दुःख व्यक्त केले. निर्णय त्यांचा नव्हता, हे आम्हाला कळते.

पण संस्थेने इतर देणगीदार शोधून ठेवायला हवे होते, हा जो आक्षेप आपल्याकडून घेतला गेला, तो मला अजिबात मान्य नाही. संस्थेशी केलेल्या करारात एक अट होती : केंद्राच्या आवारात, फलकावर किंवा प्रसिद्धीपत्रकात इतर कोणत्याही कंपनीचे नाव येऊ नये. परिसरातील दुसऱ्या एका उद्योगाने स्प्लिंटच्या कामासाठी मदत देऊ केली होती. नाव लावता येणार नाही म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतला. म्हणजे एकट्या आपल्यावर अवलंबून राहण्याची अट आपण घातली, ती संस्थेने पाळली, आणि शेवटी तिच्या परावलंबित्वाचा दोषही तिलाच लागला. स्वावलंबनाचा उपदेश करण्यापूर्वी हे कलम करारातून काढायला हवे होते.

आता मागण्या.

पहिली मागणी लगेच पूर्ण करता येण्यासारखी आहे : त्या खोलीचे कुलूप काढा आणि सर्व साहित्य संस्थेच्या किंवा पालकांच्या नोंदणीकृत गटाच्या नावे लेखी हस्तांतरित करा. याला एक रुपयाही खर्च नाही.

दुसरी, केंद्रासाठी किमान एका वर्षाचा उतरता निधी मंजूर करा, म्हणजे पहिल्या सहामाहीत पूर्वीइतका आणि दुसऱ्या सहामाहीत निम्मा. त्या काळात संस्था इतर मदत उभी करील आणि ज्या मुलांची व्यवस्था शासकीय केंद्रात करता येते त्यांची ती करील. हा निधी ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झाला तर मार्चअखेरची अडचणही उरत नाही.

तिसरी मागणी सर्वच कंपन्यांना आहे. आपल्या सीएसआर धोरणात काम थांबवण्याची पद्धत लिहा. किमान सहा महिन्यांची लेखी पूर्वसूचना संस्थेला आणि लाभार्थींना, दोघांनाही त्यांच्या भाषेत द्यावी. निर्णयापूर्वी समितीच्या एका तरी संचालकाने प्रत्यक्ष येऊन लोकांचे म्हणणे ऐकावे. आणि ते म्हणणे समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे. उपचार, शिक्षण, निवारा अशा कामांत ज्यांचे नुकसान भरून येणार नाही त्यांची पर्यायी व्यवस्था झाल्याशिवाय शेवटचा हप्ता रोखू नये. इतर देणगीदारांना मज्जाव करणारी अट कोणत्याही करारात असू नये. उपचार करणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसांचे पगार प्रकल्पाचा मूळ खर्च म्हणून धरावेत.

चौथी, मंजूर प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर देणे नियमांनी बंधनकारक आहेच. त्याच पानावर त्या वर्षी थांबवलेल्या प्रकल्पांची यादीही कारणांसह द्या. ते सक्तीचे नाही म्हणून देता येत नाही असे नाही. आणि लाभार्थी मोजताना माणसे मोजा, भेटी मोजायच्या असतील तर त्या भेटी म्हणून दाखवा.

पाचवी मागणी माझी एकटीची आहे, पण इतर पालकही तिच्याशी सहमत आहेत. माझ्या मुलाचे छायाचित्र संकेतस्थळावरून आणि प्रसिद्धीच्या सर्व साहित्यातून काढून टाकावे. मी दिलेली संमती या पत्राद्वारे मागे घेत आहे. संमती देणाऱ्याला ती मागे घेण्याचा हक्क आहे, हे वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानेही मान्य केले आहे. यापुढे कोणत्याही कंपनीने उपचाराच्या प्रवेश अर्जासोबत छायाचित्राची संमती घेऊ नये. ती स्वतंत्रपणे, नंतर, आणि नकार दिला तरी उपचार मिळतील असे लेखी सांगून घ्यावी.

केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयालाही या पत्राची प्रत पाठवत आहे. वार्षिक कृती आराखड्यात काम थांबवण्याच्या नियोजनाची एक बाब वाढवणे, एवढा नियमबदल पुरेसा होईल असे माझे मत आहे. संचालक मंडळाने मंजूर केलेला निधी ठरलेल्या कामावर खर्च झाला, याचे प्रमाणपत्र कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला आजही द्यावे लागते. बंद केलेल्या कामातील लोकांची व्यवस्था काय झाली, याची एक ओळ त्याच अहवालात जोडणे अवघड नाही.

पालकांची पुढील बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी केंद्राच्या व्हरांड्यात आहे. समितीच्या एका सदस्याने तिला उपस्थित राहावे, ही विनंती. येणे शक्य नसेल तर लेखी उत्तर त्याआधी पाठवावे. ते जसेच्या तसे बैठकीत वाचून दाखवले जाईल आणि या पत्राइतकेच उघडपणे प्रसिद्ध केले जाईल.

कळावे,

आपली,
केंद्रातील एका मुलाची आई
(पालकांच्या वतीने)